बंद पडलेला फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टर ट्रेलरवर चढवून घरी आणायचाय, सल्ला हवा

गंजलेला_खिळा
मंडळी, एक फर्ग्युसन टीई-२० ठरवलाय. राखाडी रंग अजून थोडाफार टिकलाय. इंजिन किती वर्षं बंद आहे हे विकणाऱ्यालाही नक्की सांगता येत नाही. छपराखाली उभा होता म्हणून पत्रा बरा आहे. पुढची चाकं फिरतात, मागचं डावं फिरतं, मागचं उजवं जाम. दोन टायर बसलेत. स्टिअरिंग जड आहे पण वळतं. गिअर न्यूट्रलला येतो.

अंतर साधारण ऐंशी किलोमीटर, वाटेत एक घाट. पिकअप माझी, ट्रेलर मित्राचा: दोन अ‍ॅक्सलचा, दोन सुटे रॅम्प, पुढे विंच (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) नाही. वर चढवायचा कसा, बांधायचा कसा आणि मुळात हे स्वतः करावं की सरळ कोणाला पैसे देऊन आणवावा? मदतीला तिघं आहेत. चौथाही येतो म्हणतोय, पण तो फक्त फोटो काढतो.

तिसरा_गिअर
अभिनंदन! आधी फोटो टाका. फोटोशिवाय धागा फाऊल धरण्यात येईल.

ओढाताण
एवढं काय त्यात. टोचन लावा, न्यूट्रलला टाका आणि हळूहळू ओढत आणा. वाटेत दुसऱ्या गिअरला टाकून क्लच सोडलात तर चालूही होईल, घरी स्वतःच्या पायानं येईल.

मळणीकाका
ओढाताण, नाव सार्थ केलंत.

एक, ज्या इंजिनाचं आत काय झालंय ते माहीत नाही ते ओढून चालू करायचं नसतं. पिस्टन सिलिंडरला धरलेला असेल तर मागची चाकं गिअरमधून केवढा जोर आणतात याचा विचार करा. कनेक्टिंग रॉड वाकतो, नाहीतर व्हॉल्व्ह अडकलेला असेल तर पुशरॉड वाकतो. हातानं हँडल मारून जे फिरत नाही ते पिकअपनं फिरवू नये.

दोन, टीई-२० वरच्या गिअरलाही ताशी वीसच्या आसपासच पळतो. त्याचे बेअरिंग, त्याचं स्टिअरिंग, सगळं त्या वेगासाठी. उजवं चाक जाम आहे, ब्रेकची खात्री नाही, आणि हे दोरखंडावर घाटात नेणार? उताराला मागून तोच तुमच्या पिकअपमध्ये शिरेल.

ओढाताण
काका, आमच्याकडे सगळे असेच आणतात.

मळणीकाका
जे आणू शकले नाहीत ते सांगायला येत नाहीत.

कप्पीवाला
मुद्द्याचं लिहितो, जरा लांबेल.

टीई-२० हलका आहे, साधारण ११०० ते १२०० किलो. पण आधी मागचे टायर तपासा. शेतात पकड मिळावी म्हणून मागच्या टायरांत पाणी भरायची पद्धत होती, थंड प्रदेशात ते गोठू नये म्हणून कॅल्शियम क्लोराईड घालून. या ट्रॅक्टरला मागे १०-२८ चा टायर असतो, त्यात शंभर-सव्वाशे लिटर सहज मावतं. दोन्ही भरलेले असतील तर तुमचा बाराशे किलोचा ट्रॅक्टर चौदाशेच्या पुढे गेला. वॉल्व्ह वर आणून पाहू नका, वर हवाच असते. चाक फिरवून वॉल्व्ह खाली आणा, पिन जरा दाबा. फुस्स झालं तर हवा, ओलं आलं तर पाणी. रिमवर वॉल्व्हच्या भोवती पांढरा थर आणि खोल गंज दिसला तर क्लोराईड होतं हे नक्की समजा.

आता जोर किती लागेल. ट्रेलरचा पाटा जमिनीपासून ६० सेंमी आणि रॅम्प २४० सेंमी धरा. चढ चारास एक झाला. म्हणजे १२०० किलोला नुसत्या चढासाठी ३०० किलोची ओढ. वर बसलेले टायर, जड बेअरिंग, रॅम्पच्या तोंडाशी येणारा धक्का. मी सरळ दुप्पट धरतो, ६०० किलो. हातविंच किंवा चेनपुली दोन टनाची आणा. विंचच्या पाटीवर लिहिलेली ताकद ड्रमवरच्या पहिल्या थराची असते. दोर जितका जास्त गुंडाळलेला तितकी ती कमी होते. कमी पडतेय असं वाटलं तर ट्रॅक्टरला कप्पी लावा, दोर कप्पीतून परत ट्रेलरकडे आणून अडकवा. वेग निम्मा, ओढ दुप्पट. मात्र कप्पी ज्याला बांधाल त्या जागेवरही दुप्पट जोर येतो, तेव्हा ती मिळेल त्या पातळ पट्ट्यानं बांधू नका.

आणि जाम चाक आधी सोडवा. घासत ओढला तर वरचं सगळं गणित रद्द.

सुमेधा_प
वाखूसा (वाचनखूण साठवली). आमच्याकडे मोठ्या काकांचा एक असाच झाडाखाली उभा आहे. झाडाखाली म्हणजे, आता झाड त्याच्या मागच्या चाकातून वर आलंय.

तिसरा_गिअर
सुमेधाताई, त्याला ट्रेलर नको, करवत लागेल.

नांगरट
जाम चाकाबद्दल. बहुतेक वेळा ब्रेकचे शू ड्रमला धरलेले असतात. चाकाखाली भक्कम स्टँड देऊन ते अधांतरी करा. ब्रेकचा रॉड सैल करा, शू मागे घेता आले तर घ्या. मग चाक काढून ड्रमच्या कडेवर लाकडी ठोकळा ठेवायचा आणि ठोकळ्यावर मारायचं, थोडं फिरवून परत मारायचं. बिडावर सरळ घण घातला तर टवका उडतो. गंज सोडवणारं तेल हबच्या कडेनं द्या, ब्रेकच्या आत ओतू नका. तिथे नंतर तुम्हालाच ब्रेक हवा आहे. ड्रम उघडला तर आतली धूळ तोंडानं किंवा हवेच्या नळीनं उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं पुसा.

हे काम न्यायच्या दिवशी करू नका. आधी एकदा जाऊन या, त्याच फेरीत टायरमध्ये हवा भरून पाहा. ट्यूब धरत असेल तर अर्धी लढाई तिथेच.

शंकासुर
माझ्या बाळबोध शंका:
ट्रॅक्टरचं तोंड पुढे करून चढवायचा की उलटा?
ओढताना सीटवर कोणी बसायचं की नाही?

बिनचाकी
तोंड पुढे. स्टिअरिंग पुढे असतं, ओढ पुढून असते, सरळ जातो. सीटवर माणूस हवाच, नाहीतर वळवणार कोण? रॅम्प दोन सुटे आहेत, चार बोटं इकडेतिकडे झाली तर पुढचं चाक खाली.

मळणीकाका
सीटवर माणूस नको. बंद ट्रॅक्टर, ब्रेक बेभरवशाचा, दोर तुटला तर तो उलटा घसरणार आणि सीटवरचा माणूस त्याच्यासोबत. उडी मारायला दोन्ही बाजूंना मडगार्ड आणि त्यामागे फिरतं चाक.

बिनचाकी
काका, म्हणून तर मागे उटी (चाकामागे द्यायचा ठोकळा) घेऊन एक माणूस चालतो. प्रत्येक वीतभर चढला की उटी पुढे सरकवायची.

मळणीकाका
म्हणजे एकाऐवजी दोघं धोक्यात. उटीवाला कुठे उभा असतो ते सांगा ना. नेमका घसरणाऱ्या ट्रॅक्टरच्या वाटेवर, वाकलेला.

बिनचाकी
मग न वळवता नेणार कसा?

कप्पीवाला
भांडू नका, यावर उपाय आहे. आधी सपाट जमिनीवर ट्रेलर आणि ट्रॅक्टर एका रेषेत लावा, हेच खरं वेळखाऊ काम. मग पुढची चाकं सरळ करून स्टिअरिंग पट्ट्यानं दोन्ही बाजूंनी ताणून बांधा. विंच ट्रेलरच्या बरोबर मध्यावर असेल तर तो सरळ चढतो. थोडा सरकलाच तर थांबायचं, उट्या मारायच्या, ताण उतरवायचा, पहारीनं चाक ढकलून सरळ करायचं.

उटी हातानं ठेवायची गरज नाही. दोन उट्यांना लांब काठी ठोका. माणूस मडगार्डच्या बाहेर, बाजूला उभा राहून काठीनं ढकलतो. पाय कधीच चाकामागे येत नाही. आणि ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणीही नको, विंच चालवणाराही शक्यतो बाजूला. लोखंडी दोर असेल तर त्यावर जाड गोधडी किंवा गोणपाट टाका. तुटला तर त्याची झेप मरते.

सीटवर माणूस या बाबतीत मी काकांच्या बाजूनं.

बिनचाकी
काठीची युक्ती मान्य. सीटचं मला अजूनही पटलं नाही, ब्रेक तपासून चांगला निघाला तर बसायला हरकत नाही.

चिखलगाडा
उलटा की सुलटा यावर माझे दोन पैसे. ट्रॅक्टरचं वजन मधोमध नसतं, त्यातला मोठा वाटा मागच्या चाकांवर येतो. तोंड पुढे करून चढवलात आणि पाटा आखूड निघाला, तर सगळं वजन ट्रेलरच्या अ‍ॅक्सलच्या मागे जातं. मग हिचवर (ट्रेलर गाडीला जोडतात त्या जागेवर) भार राहत नाही आणि वेग वाढला की ट्रेलर डावीउजवीकडे झोके खायला लागतो. एकदा सुरू झालं की ते ब्रेक मारून थांबत नाही, उलट वाढतं. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के हिचवर यावेत हा प्रचलित हिशेब. तुमचा ट्रेलर सातशे किलो आणि ट्रॅक्टर बाराशे धरला तर १९० ते २८५ किलो.

टीई-२० चा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ७० इंच, म्हणजे पावणेदोन मीटर. पाटा मोजा, मागची चाकं अ‍ॅक्सलच्या थोडी पुढे येतात का ते कागदावर काढून पाहा. येत असतील तर तोंड पुढे. येत नसतील तर उलटा चढवा.

शंकासुर
उलटा चढवला तर तो मागे कोलमडणार नाही? ट्रॅक्टर मागे उलटतात असं ऐकलंय.

चिखलगाडा
चांगला प्रश्न. ट्रॅक्टर मागे उलटतो तो स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर. मागचं चाक अडकलं की चाक फिरण्याऐवजी अख्खा सांगाडा अ‍ॅक्सलभोवती फिरतो आणि नाक वर येतं. चालू ट्रॅक्टर तोंड पुढे करून खड्या रॅम्पवर चढवताना हे होतं. बंद ट्रॅक्टर विंचनं ओढताना चाकाला इंजिनाचा पीळ नसतो, तेव्हा तो धोका फार कमी. फक्त ओढ खालून घ्या. उलटा असेल तर मागच्या अ‍ॅक्सलच्या घरातून, सुलटा असेल तर पुढच्या अ‍ॅक्सलच्या मधल्या तुळईतून. सीट, मडगार्ड, वरच्या लिंकची (अवजार जोडायच्या दांड्याची) जागा यांना हात लावू नका. फर्ग्युसनला दोन्ही अंगांनी पुढच्या चाकांकडे जाणारे स्टिअरिंगचे लांब रॉड असतात, साखळी त्यांच्यावरून नेलीत तर वाकवून ठेवाल.

उलटा नेताना आणखी एक. टीई-२० चं बॉनेट जाळीसकट पुढच्या बाजूला उलगडतं, बिजागरी पुढे आणि कडी मागे. उलटा बांधलात की वारा थेट त्या मागच्या कडेखाली घुसतो. जुनी कडी सुटली तर बॉनेट उघडून पुढे आदळणार. वरून पट्टा मारा.

तिसरा_गिअर
बाय द वे, १९५८ च्या जानेवारीत एडमंड हिलरी असलेच फर्ग्युसन घेऊन दक्षिण ध्रुवावर पोचला होता. आणि आपले खिळेसाहेब ऐंशी किलोमीटरला घाबरतायत.

गंजलेला_खिळा
त्याचे चालू होते हो!

नांगरट
शिवाय त्यांना चाकांवरून पट्टे चढवले होते. आणि वाटेत घाट होता म्हणून नाही, हिमभेगा होत्या म्हणून दोरानं एकमेकांना बांधून चालवत होते. ओढाताण यांना आवडेल.

ओढाताण
बघा, मी म्हणत होतो टोचन.

लोखंडी_चाक
थोडं अवांतर, पण पुढे कोणाला उपयोगी पडेल. सगळे जुने ट्रॅक्टर फर्ग्युसनसारखे सुटसुटीत नसतात. रबरी टायर ट्रॅक्टरला आले ते १९३२ नंतर, अ‍ॅलिस-चाल्मर्सच्या मॉडेल यू पासून. त्याआधीचे, म्हणजे १९१७ पासूनचा फोर्डसन एफ वगैरे, लोखंडी चाकांवर आणि चाकांना दातरे. लोखंडी रॅम्पवर लोखंडी दातरे म्हणजे साबणावर साबण. रॅम्पवर जाड फळ्या आडव्या ठोकून पट्ट्या द्याव्या लागतात आणि पाट्यावरही लाकूड हवं, नाहीतर बांधलेला ट्रॅक्टर सरकत राहतो.

दुसरी जात म्हणजे जुने फार्मॉल, पुढची दोन चाकं एकमेकांना चिकटून मधोमध. दोन सुट्या रॅम्पवर मागची चाकं येतात आणि पुढची जोडी बरोबर मधल्या पोकळीत. तिसरा, मधला रॅम्प लागतोच. आमच्या गटातल्या एकानं हे ट्रेलर घेऊन पोचल्यावर पाहिलं आणि विकणाऱ्याच्या गोठ्याचं दार उतरवून मधे टाकलं. दारानं साथ दिली, पण त्यावर विसंबू नका.

सुमेधा_प
दार परत बसवलं का?

लोखंडी_चाक
बसवलं. लागत नाही आता नीट.

बुलडॉगप्रेमी
लान्झ बुलडॉगवाले असतील तर त्यांनी वजन आधी विचारावं. एकच आडवा सिलिंडर, त्यासाठी भलामोठा फ्लायव्हील. दिसतो तेवढ्यावरून अंदाज चुकतो. १९२१ चा पहिला बुलडॉग तर रिव्हर्स गिअरशिवायचा होता, मागे जायचं तर इंजिनच उलटं फिरवायचं.

शंकासुर
इंजिन उलटं फिरतं?? यावर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन.

वाटसरू_ट्रेलरवाला
हे माझं रोजचं काम आहे म्हणून लिहितो. वर सगळ्यांनी दोर, विंच, सीट यावर लिहिलं, पण जी गोष्ट मला सगळ्यात जास्त दिसते ती राहिली.

ट्रॅक्टरची जड चाकं रॅम्पवरून ट्रेलरच्या शेपटीवर आली की शेपटी खाली दबते आणि पुढचं टोक वर उचलतं. ते टोक कशाला जोडलंय? तुमच्या पिकअपच्या मागच्या बाजूला. पिकअपची मागची चाकं हलकी होतात, कधी जमीन सोडतात. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर असतो. म्हणजे नेमक्या त्या क्षणी गाडीला ब्रेकच उरत नाही, आणि गाडी, ट्रेलर, अर्धवट चढलेला ट्रॅक्टर अशी सगळी वरात उताराच्या दिशेनं निघते. उतार डोळ्याला दिसेल इतकाही लागत नाही.

उपाय साधा आहे. ट्रेलरच्या शेपटीखाली दोन्ही बाजूंना पक्के ठोकळे किंवा जॅकस्टँड द्या. एक-दोन बोटं फट ठेवा, म्हणजे दबली की टेकेल. पिकअपच्या चारही चाकांना उट्या, पुढच्या चाकांनाही. गाडी गिअरमध्ये. हिच कुलूपबंद आहे ना ते स्वतः हात लावून पाहा. ट्रॅक्टर पुढे जाऊन बसला, ठोकळे काढताना सैल निघाले, की समजा भार पुढे आला.

मळणीकाका
हे सोन्यासारखं. धागाकर्ते, हा प्रतिसाद छापून खिशात ठेवा.

गंजलेला_खिळा
ठेवला! बांधायचं कसं तेही सांगाल का?

वाटसरू_ट्रेलरवाला
चार कोपरे, चार साखळ्या, प्रत्येकीला आपला वेगळा टाइटनर. एकच लांब साखळी चारी बाजूंनी फिरवायची नाही, एक कडी गेली की सगळं सैल. पुढच्या दोन साखळ्या पुढे आणि बाहेर ओढणाऱ्या, मागच्या दोन मागे आणि बाहेर. अमेरिकेतल्या मालवाहतुकीच्या नियमात बांधणीनं पुढच्या दिशेला ०.८ जी इतका ब्रेकचा झटका सोसायला हवा आणि बाजूला ०.५ जी. मी तोच मनात धरतो: जोरात ब्रेक मारला तर ट्रॅक्टरच्या वजनाच्या ऐंशी टक्के जोरानं तो पुढे जाऊ पाहणार. म्हणून त्याला मागे धरून ठेवणाऱ्या साखळ्यांवर कंजुषी करू नका. वाहतुकीसाठीची ग्रेड ७० ची साखळी घ्या. आठ मिलिमीटरच्या आसपासचीही तुमच्या वजनाला भरपूर होते.

फर्ग्युसनची एक खोड. मागे दोन खालच्या लिंकांमध्ये भोकं पाडलेली आडवी पट्टी असते, साखळी अडकवायला हात आपसूक तिकडे जातो. ती लिंकांसकट वरखाली होते, स्थिर नाही. रस्त्याच्या धक्क्यांनी लिंक हलल्या की साखळी ढिली. मागच्या अ‍ॅक्सलच्या घराला वळसा घाला. लिंक वेगळ्या बांधा, त्यांना भार देऊ नका. पुढे अ‍ॅक्सलच्या तुळईला. ऑइल संपच्या खालून साखळी घेऊ नका. या ट्रॅक्टरला वेगळी चेसी नसते, इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं अ‍ॅक्सल एकमेकांना बोल्टनं जोडलेलं, तोच त्याचा कणा. त्याच्या पोटावर साखळी आवळणं बरं नव्हे.

लिव्हरचा टाइटनर असेल तर तो उघडताना उसळून तोंडावर येतो. रॅचेटचा घ्या. निघाल्यावर पाच-दहा किलोमीटरवर थांबून परत आवळा. टायर बसतात, साखळ्या आपापल्या जागी सरकतात. घाट उतरण्याआधी पुन्हा एकदा.

तिसरा_गिअर
गिअरमध्ये ठेवायचा की न्यूट्रल?

वाटसरू_ट्रेलरवाला
मी गिअरमध्ये ठेवतो, चाकांना उट्या ठोकतो. पण भरवसा साखळ्यांवर.

नांगरट
न्यूट्रल. जाम इंजिनावर गिअरमधून झटके कशाला? ट्रेलरवर तो हलणारच नसेल तर गिअर काय करणार?

वाटसरू_ट्रेलरवाला
हलणारच नसेल तर झटके तरी कुठून येणार?

नांगरट
:) बरोबर पकडलंत.

कप्पीवाला
फर्ग्युसनमध्ये गिअरला हात लावायच्या आधी बॅटरीची तार काढा. याचा स्टार्टर गिअरच्या दांड्यावरच असतो, दांडा ‘एस’ला नेला की स्टार्टर फिरतो. विकणाऱ्यानं ‘लाईट लागतो का पाहू’ म्हणून बॅटरी जोडून ठेवलेली असते आणि दहा हात दांडा हलवत असतात.

बिनचाकी
बाकी किरकोळ: टाकीतलं जुनं इंधन काढून घ्या. धुराड्याच्या तोंडाला डबा बांधा. उभं धुराडं असेल तर ट्रेलरवर चढवल्यावर जमिनीपासून उंची मोजा, खालच्या पुलांसाठी. सुटे भाग, टूलबॉक्स, सीटची गादी पिकअपमध्ये. बॉनेट उघडण्याआधी काठीनं ठोका. उंदरांची घरटी नक्की, गांधीलमाश्या असू शकतात, सापाचंही सांगता येत नाही.

चिखलगाडा
आणि नंबरपाटीचा फोटो. डॅशवर असते. टीईए असेल तर स्टँडर्ड कंपनीचं पेट्रोल इंजिन, टीईडी ट्रॅक्टर ऑइलवरचा (रॉकेलसारखं इंधन), टीईएफ डिझेल. नुसतं टीई असेल तर कॉन्टिनेन्टल कंपनीचं इंजिन असलेला, सुरुवातीच्या काळातला. १९४६ ते ५६ मध्ये पाच लाखांवर बनले, त्यामुळे सुटे भाग मिळतात, पण कुठल्या इंजिनाचे मागवायचे ते पाटीच सांगेल.

शंकासुर
मूळ प्रश्नातला शेवटचा भाग कोणीच घेतला नाही. स्वतः करावं की पैसे देऊन आणवावा?

मळणीकाका
ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत का, यावर आहे. घाट आहे. दोन टनांच्या आसपासचं ओझं बिनब्रेकच्या ट्रेलरवर घाट उतरवायचं असेल तर मी नाही जाणार. आणि पिकअपच्या हिचवर किती भार चालतो ती पाटी वाचा. पुष्कळ गाड्यांना हिचवर ७५ ते १०० किलोच चालतात, वर सांगितलेले दोनशे-अडीचशे त्यात बसत नाहीत.

वाटसरू_ट्रेलरवाला
काकांशी सहमत. पाटा कलणारा, विंच बसवलेला ट्रक मिळत असेल तर बंद ट्रॅक्टरसाठी तो सगळ्यात बरा. सुटे रॅम्प नाहीत, गाडीची मागची बाजू उचलली जायचा प्रश्न नाही. माझा धंदा आहे म्हणून सांगत नाही. (थोडं म्हणूनही सांगतो.)

गंजलेला_खिळा
सगळ्यांचे आभार. पाट्या वाचल्या. ट्रेलरला ब्रेक आहेत पण तार तुटलेली. पिकअपच्या हिचचा आकडा काकांनी सांगितलेल्या गटातला निघाला. त्यामुळे कलणारा ट्रक ठरवला. पण ब्रेक सोडवणं आणि टायर हे नांगरट म्हणाले तसं आधी जाऊन स्वतः करणार.

गंजलेला_खिळा
आला! ट्रॅक्टर अंगणात आहे.

टायरमध्ये पाणी नव्हतं. उजवा ड्रम ठोकळ्यानं सुटला, पण आधी तेल लावून रात्रभर तसाच सोडावा लागला. ट्रकवाल्यानं स्टिअरिंग पट्ट्यानं बांधलं आणि सीटवर कोणाला बसू दिलं नाही. बिनचाकी, मी तुमचं नाव घेतलं, तो हसला. घाट उतरण्याआधी थांबून पाहिलं तर पुढची डावी साखळी खरंच ढिली झाली होती, रॅचेटचे चांगले तीन-चार दात पुढे गेले. पाटीवर टीईडी लिहिलंय.

तिसरा_गिअर
अभिनंदन! फोटो?

गंजलेला_खिळा
फोटोवाल्या मित्रानं भरपूर काढलेत. बहुतेक सगळे ट्रकच्या विंचचे आहेत. तो विंचच्या प्रेमात पडलाय.

ओढाताण
आता तरी ओढून चालू करून पाहा.

मळणीकाका
अजिबात नाही. प्लग काढा, चारी सिलिंडरमध्ये थोडं थोडं तेल सोडा, आठवडाभर विसरून जा. मग हँडलवर हातानं हलका दाब, पुढे-मागे. एका बोटाएवढं जरी हललं तरी पुरे, परत तेल.

नांगरट
कुठलं तेल? मी गिअरबॉक्सचं ऑटोमॅटिकवालं तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मंनिम्मं वापरतो.

मळणीकाका
नुसतं डिझेल पुरतं. अ‍ॅसिटोन उडून जातं.

नांगरट
उडून जायच्या आधीच ते फटीत शिरलेलं असतं, काका.

गंजलेला_खिळा
थांबा थांबा, इंजिनाचा नवा धागा काढतो. त्याआधी एवढंच सांगा, प्लग काढताना एक मुळीच हलत नाहीये, जोर लावू का?

मळणीकाका
नको. भोवती तेल सोडा आणि उद्यापर्यंत पाना कपाटात ठेवा.